शिंप्याची टेप

आमच्याकडं पोट सुटलेल्या माणसाला कुणी आजारी म्हणत नाही. ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतात. अण्णांचं तसंच झालं. विहिरीवर मोटार बसली, दारात फटफटी आली अन् रानातली पायपीट थांबली. हातपाय काटकुळेच राहिले, पोट तेवढं पुढं आलं. वजन म्हणाल तर अवघं ६८ किलो. दर दिवाळीला शिंपी माप घ्यायचा आणि हसून म्हणायचा, “अण्णा, औंदा कापड जादा लागंल.” अण्णाही हसायचे.

एका पहाटे धार काढताना छातीत कळ आली. तालुक्याला लगेच नेलं म्हणून वाचले. जरा बरं वाटल्यावर डॉक्टरांनी टेपनं कंबर मोजली. १०० सेंटिमीटर. म्हणाले, “आपल्याकडच्या पुरुषाची ९० च्या आत हवी. काट्यावर वजन बेताचं दिसलं तरी पोटातली चरबी रक्तदाब, साखर वाढवते, अन् शेवटी हृदयावर येते.”

अण्णा पडल्या पडल्या म्हणाले, “म्हंजे शिंप्याला आधीच ठावं हुतं की!”

आता ते रोज बांधाबांधानं चालत रानात जातात. फटफटी माझ्याकडं आली. परवा पँटचं माप द्यायला गेलो, तर शिंपी टेप बघून हसला.

मी नाही हसलो.