मिसळणाचा डबा

यंदाच्या वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळातील विद्यार्थ्यांनी आग्रह धरला, तेव्हा व्याकरणावर किंवा फार तर एखाद्या कवीवर लेख मिळेल अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही मात्र मिसळणाच्या डब्यावर लिहावयाचे ठरविले आहे. भाषेच्या शिक्षकाने स्वयंपाकघरात का डोकवावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच. तूर्त डब्याचे झाकण उघडू.

आत वाट्या मांडलेल्या असतात. हळद, तिखट, हिंग ही पुडीची मंडळी. मोहरी, जिरे, मेथी, धणे ही अख्ख्या दाण्यांची. त्यांतही गंमत अशी की जिरे आणि धणे यांना आपण बिया समजतो, परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती फळे आहेत. ओवा आणि बडीशेप यांच्यासह ती गाजराच्या कुळातील. मेथी मात्र वाटाण्याची नातलग. ही सारी मंडळी मोठी मितभाषी. मोहरीची वाटी नाकाशी नेली तरी वास जवळजवळ येतच नाही. वैभव सारे टरफलाच्या आत. म्हणून अख्खे दाणे महिनोन्महिने टिकतात. पूड केली की तोच सुवास हळूहळू हवेत उडून जाऊ लागतो.

या मौनी मंडळींना बोलते करण्याची युक्ती म्हणजे फोडणी. त्यांच्यातील सुवासिक द्रव्ये पाण्यापेक्षा तेलातुपात सहज विरघळतात आणि त्या तेलाबरोबर आमटीभर पसरतात. तापल्या तेलात मोहरी पडली की दाण्यातील ओलाव्याची वाफ होते. तिला वाट मिळत नाही, म्हणून टरफल फुटते. यालाच आपण मोहरी तडतडली असे म्हणतो. मग जिरे. मग मेथीचे चार दाणे, तेही तांबूस होईपर्यंतच, कारण काळे पडले की सारी आमटी कडू. हिंग आणि हळद अगदी शेवटी, कारण पूड क्षणात करपते. हा क्रम आमच्या आईने कोठे वाचला नव्हता. ती चुलीकडे पाठ करून खोबरे किसत असली, तरी केवळ आवाजावरून ‘आता उतरव’ असे सांगे, आणि तिचा अंदाज चुकत नसे.

आमचे मूळ घर गोव्याचे. तेथे उडदामेथीसाठी उडीद आणि मेथी तेलावर परतून नारळाबरोबर वाटतात, आणि मेथीचा तो किंचित कडवटपणा मुद्दाम राखतात. तेफळाची तर रीतच उलटी. त्याचे बी टाकून द्यावयाचे आणि टरफल बांगड्याच्या हुमणात घालावयाचे. परंतु आमच्या मते खरे नवल मोहरीचे. तीच मोहरी कच्ची, पाणी घालून, नारळाबरोबर वाटली, तर रायवळ आंब्यांच्या सांसवात नाकापर्यंत झिणझिण्या आणते. फोडणीत तडतडली तर सौम्य, खमंग होते. याचे कारण असे की दाण्यात दोन द्रव्ये निरनिराळ्या कप्प्यांत राहतात. दाणा चिरडून ओला झाला म्हणजे ती एकमेकांस भेटतात आणि तिखटपणा जन्मास येतो. तापल्या तेलात मात्र त्यांतील एक द्रव्य आधीच निकामी होते. तेव्हा मोहरी मुळात तिखट की सौम्य, हा प्रश्नच फोल. तिला कसे वागवाल, तशी ती.

आता भाषेकडे वळू. मागे एका वर्गात ‘आमचे स्वयंपाकघर’ या विषयावर निबंध दिला होता. कोंकणी घरातील एका मुलाने लिहिले, ‘आई सांसवां तडतडवते.’ त्याने ते वाचून दाखविताच वर्गात खसखस पिकली. मुलाने खाली मान घालून तो शब्द खोडरबराने इतका घासला की कागदच फाटला. आम्हीही घरी कोंकणी बोलून मराठीत पदवी घेतली. दप्तराबरोबर कोणते शब्द शाळेत न्यावयाचे आणि कोणते उंबऱ्याआड ठेवावयाचे, हे लहान वयात आम्हांलाही ठरवावे लागले होते. आम्ही खडू घेतला आणि फळ्यावर लिहिले, ‘सर्षप’. मनुस्मृतीतील तोलमापांत सहा गौरसर्षपांचा एक यव होतो, इतका हा शब्द प्रतिष्ठित. त्याखाली लिहिले, कोंकणी ‘सांसवां’, हिंदी ‘सरसों’. तोच मागच्या बाकावरून कानडी घरातील एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, आमच्याकडे सासिवे म्हणतात.” तोही शब्द फळ्यावर चढला. ‘राई’ तेवढी वेगळ्या घरची; ती ‘राजिका’ची लेक. पाहता पाहता वर्गाचे हसू ओसरले आणि त्या मुलाने फाटक्या कागदावर, फाटलेल्या जागेच्या बाजूला, आपला शब्द पुन्हा लिहिला.

शाळेची भाषा शुद्ध असावी, याविषयी आमचे दुमत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘मोहरी’च लिहा. परंतु शुद्ध भाषा शिकताना आईच्या तोंडच्या शब्दाची लाज वाटू लागली, तर त्या शिक्षणात काहीतरी करपले असे समजावे. सीमेवरच्या आमच्या या गावात एकाच गल्लीत तीन भाषांत फोडणी पडते आणि वास मात्र एकच येतो.

आजकाल तयार मसाल्यांची पाकिटे घरोघरी आली आहेत. नोकरी करून घर सांभाळणाऱ्या माउलीची त्यांनी सोय केली आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. मुलांना मात्र एवढेच सांगणे की सुट्टीत एकदा चुलीपाशी उभे राहा, मुलींनी आणि मुलांनीही. डोळे मिटून मोहरी ऐका. ती केव्हा तडतडू लागते, केव्हा शांत होते, ते आपल्या कानांनी ओळखा. मग घरातील वडीलधाऱ्यांना विचारा की या दाण्याला तुमच्या आजोळी काय म्हणत, आणि मिळेल तो शब्द वहीत नीट अक्षरांत उतरवून ठेवा.