काही नाही हो, एक गोळी असते सकाळची!

परवा दुपारी सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. ती आणि तिचे यजमान पुढच्या महिन्यात मुलाकडे ह्यूस्टनला चाललेत, पहिल्यांदाच. मेतकूट न्यावं की भाजणी, सुनेला साडी की ड्रेस, विमानात पाय सुजतात का... असं अर्धा तास बोलून झाल्यावर शेवटी म्हणाली, "ताई, तो प्रवासाचा विमा तेवढा राहिलाय बघ. नेटवर एक अगदी स्वस्त सापडलाय. जगभर चालतो म्हणे. घेऊन टाकू ना?"

मी म्हटलं, "नेमकं काय लिहिलंय ते वाच बरं."

तिने चष्मा शोधला, खाकरली आणि वाचलं. ओळ इंग्रजी होती, अर्थ असा : 'जगभर, अमेरिका व कॅनडा वगळून.'

दोघी खूप हसलो. चालली अमेरिकेला आणि विमा घेतेय अमेरिका वगळून! ती 'जगभर'पाशीच थांबली होती. अमेरिकेत औषधपाणी फार महाग, म्हणून तिथला हप्ता वेगळा आणि जास्त असतो. ती वगळली की पॉलिसी स्वस्त होणारच.

फोन ठेवला आणि हसू मात्र ओसरलं. कारण न वाचता सही करण्याचा मान आमच्या घरात आधी माझा आहे. ती गोष्ट आज लिहायची ठरवली आहे. नातेवाईक मंडळींना ती अर्धी माहीत आहे. उरलेली अर्धी आजवर मी कुणालाच सांगितलेली नाही.

2014 साली लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं न्यू जर्सीला गेलो. मला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, हे सदुसष्ट वर्षांचे. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी चहा घेऊन उठताना यांना चक्कर आली आणि डावा हात जड झाला. जावईबापूंनी ताबडतोब इस्पितळात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या, दोन रात्री देखरेखीखाली ठेवलं. सुदैवाने मोठं काही निघालं नाही, रक्तदाब फार वाढला होता. तिसऱ्या दिवशी हे चालत घरी आले. मी देवापुढे साखर ठेवली.

बिलं नंतर येऊ लागली. तिकडे एकच बिल येत नाही. इस्पितळाचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, तपासण्या वाचणाऱ्याचं वेगळं, रुग्णवाहिका बोलावली तर तिचंही वेगळं. सगळी मिळून बेरीज 18,000 डॉलरच्या वर गेली, म्हणजे तेव्हाच्या भावाने दहा लाखांहून जास्त. आम्ही म्हणालो, विमा आहे की! कागद पाठवले आणि दोन महिन्यांनी उत्तर आलं : क्लेम नामंजूर.

नातेवाईकांना गोष्ट इथपर्यंत ठाऊक आहे. पुढचं वाक्य प्रत्येक लग्नकार्यात कुणी ना कुणी म्हणतंच, "विमा कंपन्या अशाच, घेताना गोड आणि देताना आंबट." मी आजवर मान डोलावत आले. आता उरलेली अर्धी गोष्ट.

फॉर्म भरायला आमच्या कॉलनीतलेच एक एजंट घरी आले होते. भले गृहस्थ. पोहे खात खात प्रश्न विचारत होते. "साहेबांना काही आजार? बीपी, शुगर?" हे जरा थांबले. यांना रक्तदाबाची गोळी सुरू होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. हे काही बोलणार, तेवढ्यात मी स्वयंपाकघरातून म्हणाले, "काही नाही हो, एक गोळी असते सकाळची!" एजंट हसले. "मग 'नाही' लिहितो. उगाच हप्ता वाढतो, आणि कधी कधी तपासण्या मागतात." मी म्हटलं, "लिहा." यांनी सही केली.

चौतीस वर्षं मी मुलांना सांगत आले की आधी प्रश्न नीट वाचा. प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्याचे मी सरळ गुण कापायचे. इथे मी प्रश्न वाचलाही नाही, पोह्यांच्या कढईपाशी उभी राहून दुसऱ्याच्या वतीने उत्तर देऊन मोकळी झाले.

आणि खरं काय ते तिकडे इस्पितळात बाहेर आलं. यांना डॉक्टरांनी विचारलं तेव्हा यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आठ वर्षं गोळी चालू आहे. डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं. तोच कागद कंपनीने आमच्या फॉर्मशेजारी ठेवला. एकावर 'नाही', दुसऱ्यावर 'आठ वर्षं'. विमा लोकपालांकडे तक्रार करता येते, त्याला फी लागत नाही, असंही कुणी सुचवलं. पण जाऊन सांगणार काय? खोटं उत्तर आमचंच होतं.

इस्पितळाने काही रक्कम कमी केली, बाकीची जावईबापूंनी दोन वर्षं हप्त्याहप्त्याने फेडली. नवं बाळ, नवं घर, त्यात हा हप्ता. त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. आणि ते 'नाही' कुणाच्या तोंडून आलं होतं, हे यांनीही कधी कुणाला सांगितलं नाही. लेकीला नाही, जावयांनाही नाही. सगळ्यांचा समज असा की बाबा विसरले. अकरा वर्षं झाली याला.

म्हणून बहिणीला दुसऱ्या दिवशी मीच फोन केला आणि कागद-पेन घेऊन बसवलं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. कुठल्या कंपनीचा विमा घ्यावा हे मला सांगता येणार नाही, पण शब्दांचे अर्थ सांगणं हा माझा जन्माचा धंदा आहे!

पहिला शब्द, प्री-एक्झिस्टिंग डिसीझ, म्हणजे आधीपासूनचा आजार. आपल्या भाषेत आजारी म्हणजे अंथरुणाला खिळलेला. जो मंडईत जाऊन पिशवी भरून आणतो तो आजारी कसा? पॉलिसीच्या भाषेत मात्र डॉक्टरांनी निदान केलं, सल्ला दिला किंवा गोळी सुरू केली की तो आजार. गोळीमुळे रक्तदाब ताब्यात असला तरी तो आजारच. भारतात आरोग्य विम्याच्या नियमांत यासाठी मागचे 48 महिने बघत, 2024 पासून 36 बघतात. परदेशी पॉलिसीत हा काळ वेगळा असू शकतो. म्हणून पॉलिसीत 'व्याख्या' नावाचं पान असतं ते आधी उघडायचं. तोच त्या पॉलिसीचा शब्दकोश, घरातला नव्हे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. आम्ही आजार लिहिला असता तर सगळे पैसे मिळाले असते, असं नाही. आजार सांगितला तरी पुष्कळ पॉलिसी त्यासाठी फक्त जिवावर बेतलं तरच पैसे देतात, तेही ठरावीक रकमेपर्यंत. पण न सांगितल्याने सगळाच विमा धोक्यात येतो. उद्या पाय मोडला तरी कंपनी म्हणू शकते की मुळातच माहिती खोटी होती. आणि सांगितलं असतं तर निदान लेकीला कळलं असतं की या पॉलिसीत आईबाबांच्या रक्तदाबाला फारसा आधार नाही. तिने दुसरी शोधली असती. ती संधी मी तिला दिली नाही.

दुसरा शब्द, ॲक्यूट ऑनसेट. अमेरिकेतून घेतलेल्या पाहुण्यांच्या विम्यात हा हमखास असतो. जुनाच आजार, पण अचानक, काही पूर्वसूचना न देता उसळला, तर त्याचा खर्च. बहुतेक ठिकाणी अट असते की 24 तासांच्या आत उपचार घेतले पाहिजेत. चार दिवस दुखतंय, "बघू उद्या" म्हणत बसलात तर ते 'अचानक' राहत नाही. नेहमीची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. शिवाय वयाची मर्यादा असते, कुठे सत्तर तर कुठे ऐंशी. आमच्या वयाच्या माणसांनी ती आधी बघावी.

तिसरा, डिडक्टिबल. पहिली अमुक रक्कम आपली, त्यानंतर कंपनी. आणि त्याचा जोडीदार को-इन्शुरन्स, म्हणजे उरलेल्या बिलातही आपली भागी. उदाहरण घेऊ (गणिताच्या बाई हसतील, हसू देत). बिल 4,000 डॉलर, डिडक्टिबल 250. उरले 3,750. कंपनीचा वाटा 80 टक्के, म्हणजे 3,000. आपले राहिले 750 आणि आधीचे 250, एकूण 1,000. विमा 'चालला' तरीही.

चौथी, सब-लिमिट. पॉलिसीवर ठळक अक्षरात 50,000 डॉलर लिहिलेलं असतं, ती सम इन्शुअर्ड. आतल्या पानावर, विशेषतः साठीच्या पुढच्यांसाठी, खोलीचे रोजचे अमुक, शस्त्रक्रियेचे अमुक, रुग्णवाहिकेचे अमुक अशी कुंपणं असतात. अमेरिकेतल्या 'फिक्स्ड बेनिफिट' पॉलिसी तर सगळ्याच अशा. बिल कितीही असो, प्रत्येक गोष्टीचे ठरलेले तेवढेच पैसे. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' असते ती डिडक्टिबल कापून टक्क्यांनी देते. महाग पडते, पण मोठ्या दुखण्यात तीच कामी येते.

आणि दोन नकोसे शब्द, इव्हॅक्युएशन आणि रिपॅट्रिएशन. पहिला म्हणजे आजारी माणसाला योग्य इस्पितळात किंवा मायदेशी हलवणं. दुसरा बहुतेक पॉलिसीत पार्थिव मायदेशी आणण्यासाठी वापरतात. बहीण म्हणाली, "ताई, अभद्र बोलू नकोस." मी म्हटलं, "तुझ्या मुलाला त्या वेळी आकडेमोड करावी लागू नये, म्हणून आत्ता बोलते."

एवढं सगळं सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की या मोठाल्या शब्दांची भीती वाटते, पण खरा घात करतात ते लहान शब्द. वगळून, खेरीज, पर्यंत, मात्र. सातवीच्या वर्गात शब्दयोगी आणि उभयान्वयी अव्ययं शिकवताना मुलं जांभया द्यायची. मी म्हणायचे, अरे, हे चिमुकले शब्द सगळ्या वाक्याचा अर्थ फिरवतात. बाईंनाच ते पुढे इतकं महागात पडेल, असं वाटलं नव्हतं.

आणि सगळ्यांत महाग पडले ते दोन शब्द, 'काही नाही'. आपल्याकडे ही सवयच आहे. कसे आहात? काही नाही, बरंय. गुडघा दुखतो? काही नाही, वय झालं. दुसऱ्याला त्रास नको म्हणून आपण दुखणं लहान करून सांगतो, आणि त्याला सोशिकपणा समजतो. मीही यांच्या आजाराला असंच लहान केलं. त्रास चुकला नाही, तो फक्त जावयांच्या दारात जाऊन पडला.

बहिणीला म्हटलं, "फॉर्म भरायच्या आधी गोळ्यांचा डबा घेऊन बस. दोघांचा. प्रत्येक पाकिटावरचं नाव कागदावर लिही, ती कशासाठी आणि कधीपासून तेही." ती म्हणाली, "माझं काही नाही गं, थायरॉइडची एक..." आणि स्वतःच थांबली. संध्याकाळी तिने यादी वाचून दाखवली. दोघांच्या मिळून सात गोळ्या आणि एक जुनी शस्त्रक्रिया निघाली. तिचे यजमान मागून ओरडले, "अहो ताई, एवढं सगळं लिहिलं तर अमेरिका घेईल का आम्हाला?"

हा लेख पोस्ट करण्याआधी यांना वाचून दाखवला. ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सही माझीच होती ना." मी म्हटलं, "पण उत्तर माझं होतं." त्यावर काही बोलले नाहीत. उठले, सकाळची गोळी घ्यायची राहिली होती ती घेतली.

जावईबापू, तुम्ही मराठी सावकाश वाचता, पण वाचता हे मला ठाऊक आहे. बाबा विसरले नव्हते.