पाच बग्ग्या आणि माझी बस

गेल्या सुटीत इंग्लंडहून नातू आला, तो तिकडचा एक खेळ घेऊन. नाव ‘गॅसलँड्स’. २०१७ साली निघालेला. टेबलावर खेळण्यातल्या मोटारी पळवायच्या आणि जाता जाता एकमेकांवर गोळ्या झाडायच्या! (आजीने कपाळाला हात लावला.) मुठीत मावणारी कुठलीही मोटार यात चालते. मग माळ्यावरचा बिस्किटांचा डबा खाली आला. त्यात त्याच्या बाबांच्या लहानपणच्या मोटारी.

मी २८ वर्षे एस.टी. चालवलेली, म्हणून बसच घेतली. खेळात गाड्या पेट्रोलच्या डब्यांवर मिळतात. बसला ३० डबे पडले. तेवढ्यात नातवाने पाच बग्ग्या घेतल्या! बस १६ घाव सोसते, बग्गी अवघे ६. म्हटलं, एकेक चिरडतो. पण इथे जेवढा गिअर, तेवढ्या खेळी. बस तिसऱ्याच्या पुढे जात नाही, बग्गी सहाव्यापर्यंत पळते. माझ्या तीन चालींत तिच्या सहा! घाटात असेच दुचाकीवाले घुसायचे आणि मी खिडकीतून ओरडायचो.

दोन बग्ग्या मी उडवल्या, बाकीच्या पुढे निघून गेल्या.

दुसऱ्या डावाला मी डब्यातली लाल मोटार बग्गी म्हणून मागितली. एक चाक नसलेली. घाव लागला की जीव खालीवर व्हायचा, पण बस नको वाटली.

रात्री लेकाचा फोन आला. म्हटलं, “तुझी लाल गाडी आज सहाव्या गिअरला गेली.”

तो जरा थांबला. “बाबा, ती अजून ठेवलीय तुम्ही?”