चार बोटांचा शिपाई

मराठीच्या प्राध्यापकाने रंगांच्या नादी लागू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे स्पष्ट मत आहे. पण यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी सालेकशातल्या आमच्या शेजारच्या बाबाजींचा चार बोटे उंचीचा शाडूचा अर्धपुतळा केला, आणि तो वाळल्यावर रंगवणे आलेच!

१६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागती झाली, तेव्हा बाबाजी पूर्व आघाडीवर होते. आता ते ओसरीवर बसून हावड्याच्या गाड्या मोजतात.

आधी गव्हाळ रंगाचा हात दिला. नाकाच्या शेंड्यावर आणि कानांच्या पाळ्यांवर पातळ तांबूस, हनुवटीवर करडी निळसर झाक. डोळ्यांत निव्वळ पांढरा भरला की चेहरा बाहुलीचा होतो, तेही सांभाळले. शेवटी पातळ तपकिरी रंग सुरकुत्यांत उतरू दिला आणि एकदम वय दिसू लागले. छे! वीर का असा असतो? मी निम्म्या सुरकुत्या पुसून टाकल्या.

बाबाजींनी पुतळा डोळ्यांजवळ नेला.

"चांगला आहे जी. पण हा कोण?"

"तुम्हीच की!"

ते जरा वेळ गप्प राहिले. "सुरकुत्या राहू द्या, सर. मले म्हातारं व्हाले भेटलं. सोबतचे दोघं विशीतच गेले."

त्या रात्री मी पुन्हा तपकिरी रंग कालवला. सौभाग्यवती दिवा धरून उभ्या होत्या. रंगांविषयी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.