खिडकी निवडताना

संगणकावर चित्रे आणि बटणे यांची रेलचेल झाली, तरी आज्ञा टंकून काम करण्याची जुनी पद्धत मावळलेली नाही. ही आज्ञा ज्या खिडकीत टंकायची, तिला टर्मिनल एम्युलेटर म्हणतात. पूर्वी मोठ्या संगणकाला पडदा आणि कळफलक असलेले एक वेगळे यंत्र जोडलेले असे. त्याचीच ही नक्कल. लिनक्सवर अशा खिडक्या अनेक, आणि बहुतेक विनामूल्य. म्हणूनच निवडीचा प्रश्न उभा राहतो.

वेग, रंगसंगती, एकाच खिडकीतले अनेक कप्पे या निवडीच्या रूढ कसोट्या होत. आमची कसोटी निराळी ठरली. इंदुरात चार पिढ्या काढलेल्या आमच्या घरात मोडी कागदांची एक पेटी आहे. त्यांचे देवनागरी लिप्यंतर आम्ही साध्या मजकुराच्या फायलींत साठवत आलो. शेकडो फायलींतून एखादे गाव वा आडनाव हुडकायचे, तर एका ओळीची आज्ञा पुरते. उत्तर क्षणात येते. पण पुष्कळ खिडक्यांत ते मोडक्या अक्षरांत येते. 'त्र्यंबक' हे नाव ओळखू येऊ नये, अशी त्याची दशा होते.

कारण जुने आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९७८ सालच्या व्हीटी-१०० यंत्राच्या पडद्यावर ८० रकाने आणि २४ ओळी होत्या. ८० रकान्यांची चाल तर आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रपत्रापासूनची. एका चौकटीत एक रोमन अक्षर सुखाने मावते. देवनागरीचे तसे नाही. युनिकोडमध्ये 'क्षि' हे अक्षर क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार अशा चार संकेतांनी साठवले जाते; त्यातही इकार साठवायचा शेवटी आणि दाखवायचा आधी. प्रत्येक संकेताला स्वतंत्र चौकट देऊ पाहणाऱ्या खिडकीला ही जुळणी जमत नाही. फाइल मात्र शाबूत असते. बिघडते ते केवळ दर्शन.

१९८४ पासून चालत आलेला एक्सटर्म हलका आणि भरवशाचा, पण जोडाक्षरांपुढे हतबल. अलॅक्रिटी वेगात सरस. अक्षरे जुळवण्याची व्यवस्था त्यातही नाही. बहुभाषिक कामासाठीच घडवलेला एमएलटर्म मात्र भारतीय लिपी जाणतो आणि रकान्यांची रुंदी अक्षरागणिक बदलूही देतो. अर्थात त्याची किंमत मोजावी लागते. रुंदी बदलती ठेवली की तक्त्यांचे उभे रकाने एका रेषेत राहत नाहीत. म्हणून इतर कामांसाठी आम्ही दुसरी खिडकी ठेवली आणि पेटीच्या कामासाठी एमएलटर्म.

ज्यांना अशीच निवड करायची आहे, त्यांनी 'क्षिप्रा', 'त्र्यंबक', 'कार्तिकी' हे तीन शब्द एका फाइलीत लिहून प्रत्येक खिडकीत उघडून पाहावेत. निकाल तिथल्या तिथे लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या नातवंडांची शाळा इंग्रजी, रस्त्यावरची बोली हिंदी. पणजोबांचे मराठी त्यांना भेटणार ते बहुधा याच पडद्यावर. तिथे आपल्याच घराण्याचे नाव तुटके दिसले, तर फाइल शाबूत असल्याचे त्यांना कोण सांगणार?