मागे राहिलेली फौज

नेसरीच्या सात वीरांवरील कुसुमाग्रजांची कविता लताबाईंच्या आवाजात ऐकली की आजही अंगावर काटा येतो. पण काटा ओसरला की मन हळूच विचारते : मागे राहिलेल्या फौजेचे काय?

शरण आलेल्या बहलोलखानाला प्रतापराव गुजरांनी सोडून दिले. महाराजांचा ठपका जिव्हारी लागला आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये हा सरनौबत अवघ्या सहा स्वारांनिशी खानावर तुटून पडला. राज्याभिषेक चार महिन्यांवर आला असताना स्वराज्याने सेनापती गमावला. खान मात्र वाचला.

कवीने ती वेदना गायली, तो त्याचा हक्कच. चूक आपली. आपण कवितेलाच बखर मानतो आणि मग बेभान होणे म्हणजेच पराक्रम, असे वाटू लागते. प्रतापरावांमागे सेना सांभाळली ती हंबीरराव मोहित्यांनी. १६८७ मध्ये वाईच्या लढाईत ते पडले. त्यांच्यावरची एकही ओळ मला पाठ नाही. सांभाळणाऱ्याचे गाणे होत नाही, हेच खरे!

मित्रहो, आपल्या अंकात तलवारींच्या कविता खुशाल येऊ द्या. पण सेनापतीवाचून माळावर उभ्या राहिलेल्या त्या फौजेसाठी एखादी ओळ राखून ठेवा.