वाडा, वारस आणि वड

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत 'मॅनर हाऊस' या नावाने ओळखली जाणारी जुनी घरे मुळात जमिनीच्या हक्काची घरे होत. मॅनर म्हणजे एका सरदाराच्या ताब्यातील गाव-शिवार, आणि त्या शिवारातील कुळांनी जिथे खंड आणून द्यायचा, जिथे त्यांचे तंटेबखेडे ऐकले जायचे, ते सरदाराचे राहते घर म्हणजे मॅनर हाऊस. मराठी मुलखातील देसाई-देशमुखांच्या वाड्याशी त्याचे नाते सहज जुळते, कारण देसाई हाही परगण्याचा वसूल गोळा करणारा वतनदार होता आणि त्याचा वाडा कचेरी, कोठार, न्यायासन आणि संसार या सगळ्यांना एकाच छपराखाली सामावून घेई. मॅनर हाऊसला भुताखेतांची जी कीर्ती लाभली, तिचे श्रेय सहसा अंधारे जिने, थंडगार तळघरे आणि धुके यांना दिले जाते. पण तितकेच श्रेय वारसाहक्कालाही द्यायला हवे. थोरल्या मुलाकडे घर जाते, त्याच्या थोरल्या मुलाकडे पुढे जाते, आणि तीन-चारशे वर्षे तेच आडनाव, तीच दालने आणि तीच तैलचित्रे जागच्या जागी राहतात, तेव्हा मेलेल्या माणसालाही परत कुठे यायचे ते ठाऊक असते.

नॉरफोकमधील रेनम हॉल हे याचे ठळक उदाहरण. ब्रिटनचा पहिला पंतप्रधान मानला जाणाऱ्या रॉबर्ट वॉल्पोल याची बहीण डोरोथी ही या घरच्या टाउनशेंड सरदाराची दुसरी पत्नी. ती 1726 मध्ये देवीच्या आजाराने गेली असे कागदपत्र म्हणतात, तर नवऱ्याने तिला कोंडून घातले आणि मुलांपासून तोडले असे दंतकथा म्हणते. तपकिरी पोशाखातील तिचे भूत जिन्यावर दिसते ही वदंता शंभर-दोनशे वर्षे चालत आली आणि 1936 मध्ये 'कंट्री लाइफ' या नियतकालिकाने जिन्यावरील एका धूसर आकृतीचे छायाचित्र छापले, तेव्हा ती जगभर पसरली. छायाचित्रावरचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटावा अशी कोणाची फारशी इच्छाही दिसत नाही. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की याच डोरोथीचा भाचा होरेस वॉल्पोल याने 1764 मध्ये 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' लिहून भयकादंबरीचा प्रकार रूढ केला, आणि त्या कादंबरीतील सारा अद्भुत खटाटोप एका बळकावलेल्या घराला त्याचा खरा वारस मिळेपर्यंतच चालतो.

इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा बंगले आले, पण वारसाहक्क आला नाही. गव्हर्नर काही वर्षांसाठी यायचा आणि जायचा. त्यामुळे त्याच्या घराला चिकटणारी भुतेही वेगळ्या जातीची निघाली. मुंबईचा गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट, ज्याच्या नावाने मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज ओळखले जाते, तो 1838 च्या जुलैत पुण्याजवळ दापोडी येथे वारला. जनरल गॉर्डन या लष्करी अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत असे नोंदवले आहे की ग्रँटच्या मृत्यूच्या संध्याकाळी एक मांजर सरकारी निवासाच्या पुढच्या दारातून बाहेर पडले आणि गव्हर्नर रोज जिथे शतपावली करायचा त्याच वाटेवर फिरू लागले. पहाऱ्यावरच्या शिपायाने ते पाहिले, आणि साहेबाचा आत्मा मांजरात शिरला असा अर्थ एका पुरोहिताने लावला. पण नेमके मांजर कोणते याची खात्री कोणालाच देता येईना, तेव्हा अंधार पडल्यावर त्या दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मांजराला बंदुकीची सलामी द्यायची, असा तोंडी हुकूम एका पहाऱ्याकडून दुसऱ्याकडे पुढे पंचवीस वर्षे जात राहिला. सलामीत भक्ती किती होती आणि पहारेकऱ्यांची थट्टा किती, हे गॉर्डनच्या लक्षात आले होते की नाही कोण जाणे. एवढे मात्र खरे की इंग्रजाच्या घरातील हे भूत कोणाच्या मालमत्तेवर हक्क सांगत नव्हते. ते नोकरीवर होते.

मराठी लोकसमजुतीत घराशी बांधलेले भूत यापेक्षा फार वेगळे आहे. मराठी मुलखातील भुतांच्या वर्गवारीचा जो अभ्यास उपलब्ध आहे, त्यातील पुष्कळसा ए. एम. टी. जॅक्सन या नाशिकच्या कलेक्टराने जमवला. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या गोळीने तो मारला गेला आणि त्याची टिपणे पुढे आर. ई. एन्थोव्हेन याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. या वर्गवारीत मुंजा पिंपळावर राहतो, आसरा पाण्यात राहतात, हडळ विहिरीच्या किंवा चिंचेच्या आसपास भेटते. घराला, अंगणाला, पुरलेल्या हंड्याला धरून बसतो तो समंध. ज्याच्यामागे मूल नाही आणि म्हणून ज्याचे क्रियाकर्म करायला घरचे माणूस उरले नाही, असा माणूस मेल्यावर समंध होतो आणि आपल्या वास्तूत दुसऱ्याला सुखाने राहू देत नाही, अशी ही समजूत आहे. म्हणजे इंग्लंडात वारसांची साखळी अखंड राहिल्यामुळे भूत घरात टिकते, आणि इकडे ती साखळी तुटल्यामुळे भूत जन्माला येते.

या कसोटीवर बेळगाव परिसरात जर एखाद्या वास्तूला समंध असायला हवा होता, तर तो कित्तूरच्या वाड्याला. सतराव्या शतकात अल्लप्पगौडा सरदेसाई यांनी बांधलेला हा वाडा आज किल्ल्याच्या आत भग्नावस्थेत उभा आहे. छपरे गेली, पण जाड भिंती, कमानी, नहाणीघरे आणि पाण्याचे हौद यांवरून दालनांचा नकाशा अजून वाचता येतो, आणि एका भिंतीतील नळीला डोळा लावला की ध्रुवतारा दिसतो, असे तेथे आवर्जून दाखवले जाते. रात्री जागेवरून न हलणारा तारा घरात बसून पाहण्याची सोय करणाऱ्या घराण्याला स्थैर्य मात्र फार काळ लाभले नाही. कित्तूरचे मल्लसर्ज देसाई टिपूच्या कैदेतून सुटले, पुढे दुसऱ्या बाजीरावाने त्यांना पुण्यात अडकवून ठेवले, आणि तेथून परतताना 1816 मध्ये ते वारले. त्यांच्याच काळात, 1809 च्या सुमारास, खानापूरच्या दक्षिणेला नंदगडजवळ आनंदगड हा किल्ला उभा राहिला. नंदगड ही घाटाखालच्या गोव्याकडून वर येणाऱ्या मालाची पेठ असल्याने तिच्यावर कित्तूरकरांची नजर असणे स्वाभाविक होते.

मल्लसर्जांचे पुत्र शिवलिंगरुद्रसर्ज 1824 च्या सप्टेंबरात निपुत्रिक वारले. मरणापूर्वी त्यांनी शिवलिंगप्पा नावाचा मुलगा दत्तक घेतला होता. परंतु धारवाडचा कलेक्टर व पोलिटिकल एजंट सेंट जॉन थॅकरे याला दत्तकाच्या कागदाबद्दल शंका आली, त्याने दत्तक मान्य केला नाही आणि खजिन्यावर मोहर ठोकून पहारा बसवला. लॉर्ड डलहौसीने 1848 मध्ये साताऱ्याचे राज्य ज्या सबबीवर खालसा केले, तीच सबब कित्तुरात चोवीस वर्षे आधी वापरली गेली. निपाणीचे सिद्धोजीराव निपाणकर 1839 मध्ये वारल्यावर त्यांच्याही जहागिरीची तीच गत झाली. मल्लसर्जांच्या पत्नी राणी चन्नम्मा यांनी हा निर्णय मानला नाही. 23 ऑक्टोबर 1824 रोजी थॅकरे तोफा घेऊन किल्ल्याच्या दाराशी आला आणि त्या चकमकीत मारला गेला. 'व्हॅनिटी फेअर' लिहिणारा कादंबरीकार थॅकरे त्या वेळी तेरा वर्षांचा होता. मारला गेलेला कलेक्टर हा त्याचा सख्खा काका.

त्या दिवशी स्टीव्हन्सन आणि वॉल्टर इलियट हे दोन तरुण गोरे अधिकारी जिवंत पकडले गेले आणि काही आठवडे कित्तुरात कैदेत राहिले. त्यांपैकी इलियटची पुढची हकीकत या विषयाच्या फार जवळची आहे. सुटल्यावर त्याने याच मुलखातील शिलालेख जमवले, 1837 मध्ये त्यांवरून दक्षिणेतील राजवंशांचा इतिहास मांडणारा निबंध प्रसिद्ध केला, आणि 1860 मध्ये निवृत्त होऊन तो स्कॉटलंडमधील वुल्फली या आपल्या वडिलोपार्जित घरी राहायला गेला. दृष्टी गेल्यावरही त्याने दक्षिण भारतातील नाण्यांवरचा ग्रंथ तोंडी सांगून पुरा केला आणि 1887 मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. ज्या वाड्याचा वारस नाकारला गेला त्या वाड्याचा हा कैदी आपल्या घराण्याच्या वाड्याचा वारस मात्र निर्वेधपणे झाला, ही गोष्ट त्याने स्वतः कधी मनात ताडून पाहिली असेल का, असा प्रश्न वाचकाला पडल्यावाचून राहत नाही.

डिसेंबर 1824 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मोठ्या फौजेने कित्तूर घेतले. राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात नजरकैदेत राहिल्या आणि 1829 मध्ये तेथेच वारल्या. त्यांची समाधी बैलहोंगलला आहे. समजुतीप्रमाणे आता वाड्यात समंधाने बस्तान मांडायला हरकत नव्हती, कारण निपुत्रिक मृत्यू, नाकारलेला दत्तक, मोहरबंद खजिना आणि परक्यांचा ताबा, असे सगळे साहित्य जमून आले होते. तरीही कित्तूरचा वाडा भुतांसाठी ओळखला जात नाही; दर ऑक्टोबरात तेथे भरणाऱ्या कित्तूर उत्सवासाठी ओळखला जातो. याचे कारण बहुधा नंदगडला सापडते.

संगोळ्ळी गावचा रायण्णा हा कित्तूरचा शेतसनदी होता. शेतसनदी म्हणजे गावच्या पहाऱ्याची किंवा लढाईची चाकरी करावी आणि तिच्या मोबदल्यात माफीची जमीन खावी, अशा सनदेवर असलेला शिपाई. कंपनीने या जमिनींवर सारा बसवला, आणि 1829 मध्ये रायण्णाने दत्तक शिवलिंगप्पाच्या नावाने बंडाचे निशाण उभारले. स्वतःसाठी त्याने राज्य मागितले नाही. मुलाचा हक्क मुलाला मिळावा, एवढेच त्याचे म्हणणे होते. खानापूर-बिडी-नंदगडच्या रानांतून गनिमी काव्याने लढत त्याने सरकारी कचेऱ्या आणि खजिने लक्ष्य केले. 1830 च्या एप्रिलात, ओढ्यावर नि:शस्त्र अंघोळ करीत असताना, फितुरीमुळे तो पकडला गेला आणि 26 जानेवारी 1831 रोजी नंदगडजवळ वडाच्या झाडावर त्याला फाशी देण्यात आली. कंपनीला ही शिक्षा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत द्यायची होती, आणि फाशीचे झाड लोकांच्या मनात धाक होऊन उभे राहावे, हा अशा शिक्षेचा हेतू असतो.

घडले उलटे. रायण्णाचा साथी बिच्चुगत्ती चन्नबसप्पा याने त्याच्या समाधीवर वडाचे रोप लावले असे सांगतात, आणि तो वड आता विस्तारून उभा आहे. अपमृत्यू, म्हणजे आयुष्य पुरे होण्याआधी हिंसेने आलेले मरण, हे लोकसमजुतीत भूत होण्याचे सर्वांत खात्रीचे कारण. पण दख्खनच्या मातीत अशा मरणाला दुसरीही एक वाट आहे. लढता लढता पडलेल्यांचे वीरगळ, म्हणजे त्यांचे मरण आणि स्वर्गारोहण टप्प्याटप्प्याने कोरलेले दगड, या भागात गावोगाव देवळांच्या आवारात दिसतात आणि त्यांना शेंदूरही लागतो. घाटाखाली आरवलीला तर भुतांचा राजा वेताळ हाच वेतोबा होऊन गावची राखण करतो आणि त्याला भलेमोठे चामडी जोडे वाहिले जातात. मेलेल्याची ताकद नाकारायची नाही, तिला काम लावून द्यायचे, ही ती रीत. रायण्णाच्या वाट्याला आलेले काम मात्र कोणी आधी सांगितले असते तर खरे वाटले नसते. मूल व्हावे, आणि ते रायण्णासारखे निधड्या छातीचे व्हावे, म्हणून लोक नंदगडच्या वडाला पाळणे बांधतात. फांद्यांना आणि पारंब्यांना लोंबणारे ते छोटे लाकडी पाळणे वाऱ्यावर हलतात, एकमेकांवर आपटतात, जुने झाले की तुटून पडतात, आणि त्यांच्या जागी नवे येतात. एका मुलाचा वारसा नाकारला गेला म्हणून जो माणूस फासावर गेला, त्याच्याकडे लोकांनी मुलेच मागावीत, यात योगायोग आहे असे मानणे कठीण आहे, जरी पाळणा बांधणाऱ्या बाईला शिवलिंगप्पाचे नाव ठाऊक असेलच असे नाही.

कित्तूरच्या वाड्यात समंध का राहिला नाही, याचे उत्तर असे देता येईल की त्याचा हक्क सांगणारा माणूस वाडा सोडून रानात गेला आणि त्याच्याबरोबर तो हक्कही झाडाखाली आला. रेनम हॉलमधील डोरोथीला जिना सोडता आला नाही, कारण टाउनशेंडांनी घर सोडले नाही. नंदगडला घरच नाही. तेथे भिंत नाही, कुलूप नाही, तैलचित्र नाही, आणि म्हणून तेथल्या मृताचा वारस कोण, हे ठरवणारा कागदही नाही.

कागद नसला की वाद संपतो, असे मात्र नाही. 2020 च्या ऑगस्टात बेळगावजवळ पिरनवाडीच्या चौकात रायण्णाचा पुतळा रातोरात उभा राहिला, तेव्हा त्या चौकाला शिवाजी महाराजांचे नाव हवे म्हणणारे मराठी भाषक आणि पुतळ्याच्या बाजूचे कन्नड भाषक समोरासमोर आले, आणि लाठीमारापर्यंत गोष्ट गेली. शेवटी दोन्हीकडचे लोक बसले आणि तडजोड झाली ती अशी की चौकाला नाव छत्रपती शिवाजी महाराजांचे, आणि त्याच चौकात पुतळा क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाचा.